घाटात कानाला दडे का बसतात, आणि ते कसे सोडवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाईहून पसरणी घाट चढताना, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरताना, विमानात, विहिरीत सूर मारल्यावर, असं कुठेही कान बंद झाले तरी कारण एकच असतं. सातारा-सांगलीच्या वाचकांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. फार घाईत असाल तर चौथा आणि पाचवा प्रश्न तेवढा वाचा.

१. उंची बदलली की कान बंद का होतात?

कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी खोली असते. तिला मध्यकर्ण म्हणतात. त्यात चमचाभरही हवा मावत नाही. पडदा साधारण एक सेंटिमीटर रुंद आणि कागदाइतका, म्हणजे ०.१ मिलिमीटर जाड असतो. बाहेरची हवा त्याला आत ढकलते, आतली हवा बाहेर ढकलते. दोन्हीकडचा दाब सारखा असेपर्यंत पडदा मोकळेपणाने थरथरतो आणि आपल्याला नीट ऐकू येतं.

वर जाल तसा बाहेरचा दाब कमी होतो. रक्तदाब ज्या एककात मोजतात त्याच एककात, मिलिमीटर पाऱ्यात, सांगायचं तर समुद्रकिनाऱ्यावर हवेचा दाब ७६० असतो, सांगलीत सुमारे ७१२, वाईत सुमारे ६९७ आणि महाबळेश्वरला सुमारे ६४६. वाई ते महाबळेश्वर हा फरक ५० च्या आसपास भरतो. मध्यकर्णातली हवा जराही बाहेर पडली नाही, तर एकेका पडद्यावर ३५ ते ४० ग्रॅम वजन ठेवल्यासारखं होईल. कागदाएवढ्या जाडीच्या पडद्याला तेवढं वजन पुष्कळ झालं. पडदा फुगून ताठ होतो, आवाज दबके येतात आणि स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं. यालाच आपण दडे बसणं म्हणतो.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर महाबळेश्वरला पाण्याची एक लिटरची बाटली रिकामी करा, झाकण घट्ट लावा आणि गाडीत ठेवून द्या. वाईत पोचेपर्यंत तिच्या कुशी आत गेलेल्या दिसतील. दाबाच्या हिशेबाने आतली हवा सात-आठ टक्क्यांनी आकसते. खाली ऊन जास्त असेल तर थोडी कमी, कारण गरम हवा फुगते. पोलादपूरला नेलीत तर तीच बाटली चांगली चेपते. उतरताना कानाचा पडदाही असाच आत ओढला जातो.

२. मग ‘पुटकन’ आवाज कसला?

मध्यकर्णातून नाकाच्या मागच्या बाजूला, पडजिभेच्या वर, एक बारीक नळी उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावावरून तिला युस्टेशियन नलिका म्हणतात. मोठ्या माणसात ती साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडातला, म्हणून कायम उघडा. उरलेला भाग कूर्चेचा आणि मऊ, त्याच्या भिंती एरवी मिटलेल्या असतात. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा एक स्नायू ओढला जातो आणि नळी सेकंदाच्या काही अंशापुरती उघडते. भिंती शेंबडाच्या पातळ थराने ओल्या असतात. त्या एकमेकींपासून सुटल्या आणि पडदा जागेवर आला, की त्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो.

हे दिवसभर चालूच असतं. मध्यकर्णाचं अस्तर आतली हवा हळूहळू शोषून घेतं आणि प्रत्येक आवंढ्याबरोबर ताजी हवा आत जाते. घाटात ते जाणवतं, एवढंच.

३. चढताना कान आपोआप सुटतात, उतरताना का अडतात?

घाटाच्या त्रासाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

सायकलची वॉल ट्यूब आठवा. पंपाने मारलेली हवा रबरी नळीला बाजूला सारून आत जाते, पण परत यायला गेली की रबर चिकटून बसतं. कानाच्या नळीचा मऊ भागही असाच वागतो, फक्त दिशा उलटी. कानातून घशाकडे यायला हवेला सोपं जातं, घशाकडून कानात शिरायला अवघड.

चढताना मध्यकर्णातला दाब बाहेरच्यापेक्षा १५ मिलिमीटरने वाढला, की हवा स्वतःच नळीला ढकलून उघडते. त्यासाठी १५० ते २०० मीटर चढाई पुरते. पुढे दर ११ मिलिमीटरला पुन्हा तसंच. पसरणीत दर काही वळणांनंतर येणारा ‘पुटकन’ हाच. तुम्ही झोपलात तरी हे काम चालू राहतं.

उतरताना बाहेरचा दाब वाढतो आणि तोच नळीचं मऊ तोंड दाबून धरतो. आता ते उघडायला स्नायू लागतो, म्हणजे आवंढा किंवा जांभई. तुम्ही गिळलं नाहीत तर फरक साठत जातो. तो ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत गेला की स्नायूच्या ओढीपेक्षा दाब भारी ठरतो, नळीला कुलूप लागतं आणि कितीही आवंढे गिळले तरी उघडत नाही. म्हणून कान दुखायला लागल्यावर उपाय शोधण्यात अर्थ नाही. पहिल्या वळणापासूनच सुरुवात करायला हवी.

४. आपल्या भागातला कोणता घाट कानाला सर्वांत जड?

महाबळेश्वर ते पोलादपूर, म्हणजे आंबेनळी, आणि तोही उतरताना. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास, पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला. दाबाचा फरक ११० मिलिमीटरच्या घरात जातो, म्हणजे ८०-९० ची मर्यादा ओलांडतो, जिच्यापुढे कानाच्या नळीला कुलूप लागतं आणि ती आवंढ्यानेही उघडत नाही. पर्यटक पसरणीची धास्ती घेतात, पण पसरणीचा फरक याच्या निम्माही नाही, कारण वाई स्वतःच ७०० मीटरवर आहे. महाबळेश्वर पाहून पुढे कोकणात जाणाऱ्यांनी, त्यातही ज्यांना सर्दी आहे त्यांनी, हे नक्की लक्षात ठेवावं.

पाटणहून चिपळूणला जाताना कुंभार्लीचा उतार साधारण पसरणीएवढाच दाब बदलतो. साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासला फरक चाळिशीच्या आत राहतो. खंबाटकीत उंची त्याहून कमी बदलते. तिथे कानाला काही जाणवलंच तर एखाद-दुसऱ्या आवंढ्यात ते जातं.

हे आकडे घाटाच्या दोन टोकांमधले आहेत. वाटेत गिळत राहिलात तर इतका फरक पडद्यावर कधी येतच नाही. झोपलेला माणूस आणि नाक चोंदलेला माणूस, हे दोघेच त्यात सापडतात.

५. उतरताना नेमकं काय करायचं?

घाट सुरू व्हायच्या आधी नाक हलकेच शिंकरून घ्या, एका वेळी एकच नाकपुडी. दोन्ही दाबून जोरात शिंकरलं तर शेंबूड नळीत ढकलला जातो. तोंडात लिमलेटची गोळी, आवळासुपारी, च्युइंगम असं लाळ सुटणारं काहीतरी ठेवा. काही नसेल तर पाण्याची बाटली हाताशी ठेवून दर दोन-तीन मिनिटांनी एक घोट घ्या. गटागट पिऊन उपयोग नाही, कारण इथे आवंढ्यांची संख्या महत्त्वाची.

एवढ्याने कान सुटला नाही तर पुढचे प्रकार या क्रमाने करून पाहा.

आधी खालचा जबडा पुढे काढून डावी-उजवीकडे हलवा आणि तोंड मोठं उघडून खोटी जांभई आणा. नुसत्या जांभईच्या हालचालीनेही टाळूचा स्नायू ओढला जातो.

नंतर नाक चिमटीत बंद करून आवंढा गिळा. याला टॉयन्बीची पद्धत म्हणतात. यात जोर लागत नाही, म्हणून बहुतेकांना ही निर्धोक आहे.

तिसरी वाल्साल्व्हाची पद्धत. आंतोनियो वाल्साल्व्हा या इटालियन वैद्याने १७०४ मध्ये तिचं वर्णन केलं. नाक दाबा, तोंड मिटा, गाल फुगू देऊ नका आणि नाकातून हळूच हवा सोडायचा प्रयत्न करा. काच पुसायच्या आधी तिच्यावर ‘हाऽ’ करतो तेवढाच जोर, तोही एक-दोन सेकंदच. कानात हवा गेल्याचं कळतं. नाही गेली तर सोडून द्या, पंधरा-वीस सेकंदांनी आवंढा गिळून पुन्हा करा.

नाकात जोर न लावता करायची आणखी एक पद्धत म्हणजे फ्रेन्झेलची. नाक दाबून, घसा बंद ठेवून, जिभेचा मागचा भाग ‘क्’ म्हणताना उचलतो तसा वर ढकलायचा. छातीतून जोर येत नाही, त्यामुळे कानाला धोका कमी. आरशासमोर बसून सराव केला तर जमते. बरोबर जमत असेल तर दर ‘क्’ला नाकपुड्या चिमटीत किंचित फुगतात.

६. नाक दाबून जोरात फुंकलं तर बिघडतं काय?

बिघडतं, आणि कधी कधी कायमचं. मध्यकर्ण आणि आतला कान यांच्यामध्ये दोन बारीक खिडक्या असतात. जोराच्या धक्क्याने त्यांतला पडदा फाटला तर आतल्या कानातलं पाणी झिरपतं. चक्कर येते, कानात आवाज येऊ लागतो, ऐकणं कमी होतं. नळीला कुलूप लागलेलं असेल तर जोराने ते उघडत नाही, उलट डोक्यातला दाब वाढून धोका वाढतो. अशा वेळी गाडी बाजूला सुरक्षित जागी थांबवा, पाणी प्या, पाच-दहा मिनिटं द्या. शक्य असेल तर थोडं परत वर जाणं हा सर्वांत खात्रीचा उपाय, कारण उंची वाढली की नळीवरचा दाब उतरतो.

हृदयविकार, डोळ्याच्या मागच्या पडद्याची नुकती झालेली शस्त्रक्रिया किंवा आवाक्यात नसलेला रक्तदाब असेल, तर वाल्साल्व्हा करूच नका. पहिल्या दोन पद्धतींवर भागवा.

७. सर्दी झाली आहे. घाटातून जाऊ का?

पसरणीतून जा, काळजी घेऊन. आंबेनळी किंवा विमान शक्यतो पुढे ढकला.

सर्दीत नळीचं नाकाकडचं तोंड सुजतं आणि भिंती घट्ट शेंबडाने चिकटतात. तरीही जाणं भाग असेल तर ऑक्सिमेटाझोलिन किंवा झायलोमेटाझोलिनचे नाकातले थेंब मोठ्या माणसाला उपयोगी पडतात. ते उतार सुरू होण्याआधी अर्धा तास टाका. घाट उतरून झाल्यावर टाकून कान सुटेलच असं नाही. रक्तदाबाचं किंवा काचबिंदूचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका. त्यानंतर थेंब बंद करताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि सवय लागते. लहान मुलांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत.

८. तान्हं बाळ घाटात का रडतं?

बाळाची नळी मोठ्यांच्या निम्म्या लांबीची आणि जवळपास आडवी असते, शिवाय स्नायू अजून कच्चा असतो. दोन-तीन वर्षांपुढच्या मुलांत नाकामागच्या अॅडेनॉइड ग्रंथी मोठ्या असतील तर त्याच तोंड अडवतात. रडताना नळी उघडते, म्हणजे रडणं हा बाळाचा स्वतःचा उपाय आहे. त्याला रागावू नका.

उतार लागायच्या आधी बाळाला जागं करा. डोकं वर राहील असं कडेवर घेऊन अंगावर पाजा किंवा बाटली द्या. आडवं झोपवून पाजू नका. बाळाची दुधाची वेळ उताराशी जुळवून निघालात तर निम्मं काम झालं. चार वर्षांच्या आतल्या मुलाला कडक गोळी देऊ नका, वळणावर ती घशात अडकू शकते. पेल्यातून घोट घोट पाणी पुरे.

९. ‘घाट लागणे’ आणि दडे बसणे एकच का?

नाही. घाट लागतो तो आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागामुळे. वळणांची जाणीव आणि डोळ्यांना दिसणारं यांचा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. दडे बसतात ते दाबामुळे. मात्र एक संबंध आहे. घाट लागू नये म्हणून घेतलेल्या गोळीने झोप येते आणि झोपेत माणूस फार कमी वेळा गिळतो. गोळी घेतलेल्याला उताराच्या सुरुवातीला हलवून जागं करा.

१०. गाडीची काच उघडली तर कान सुटतात का?

नाही. गाडी हवाबंद नसते. काच वर असो की खाली, आतला दाब बाहेरच्याएवढाच असतो. वेगातल्या रेल्वेने बोगद्यात शिरताना क्षणभर कान दाबल्यासारखे होतात, ते वेगळं. तो झटका लगेच ओसरतो.

११. विहिरीत सूर मारल्यावर घाटापेक्षा जास्त का दुखतं?

कारण पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड आहे. एक मीटर पाण्याखाली दाब जवळपास ७४ मिलिमीटरने वाढतो. पसरणीचा अख्खा घाट उतरून जो फरक पडत नाही, तो विहिरीत दोन-अडीच हात खाली गेलं की पडतो. सव्वा मीटरच्या आत नळीला कुलूप लागू शकतं. पुरुषभर पाण्यात तळाचा दगड काढायला जाणाऱ्या पोरांचे कान दुखतात ते म्हणूनच, आणि त्यांना कुणी हे आधी सांगत नाही.

नियम असा. पाण्यात जाण्याआधी काठावरच एकदा नाक दाबून आवंढा गिळा आणि दोन्ही कान सुटतात का पाहा. एक जरी अडत असेल तर त्या दिवशी बुडी नको, वर पोहा. खाली जाताना दर अर्ध्या मीटरला, दुखायच्या आधी, कान सोडवा. डोकं खाली असताना नळी उघडणं जड जातं, त्यामुळे नवशिक्याने दोर धरून पाय खाली ठेवून उतरावं. दुखलं की थांबा आणि वर या. ‘जरा सोसलं की जातं’ हा सल्ला ऐकू नका. कधी कधी जातं ते पडदा फाटून.

पाण्याखाली पडदा फाटला तर गार पाणी मध्यकर्णात शिरतं आणि गरगरायला लागतं. वर कुठे, खाली कुठे तेही कळेनासं होतं. पट्टीचा पोहणाराही अशा वेळी बुडू शकतो. म्हणून विहिरीत एकट्याने बुडी मारू नये. कानात बोळे घालून बुडी मारणं तर आणखी वाईट, कारण बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवेचा नवा कप्पा तयार होतो आणि तो सोडवायला नळीच नाही. मुटका मारताना कानाची बाजू पाण्यावर सपाट आपटली तरीही पडदा फाटतो. तो मार थपडेसारखा असतो.

१२. विमानात एवढा त्रास का?

आतला दाब कृत्रिमरीत्या राखलेला असला तरी तो साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तेवढाच असतो. उतरताना तो मिनिटाला साधारण ९० मीटर उंची उतरल्यासारखा बदलतो. वाई-पाचगणी रस्त्यावर गाडीत हाच वेग मिनिटाला २० मीटरच्या आसपास पडतो. मुंबईला उतरताना एकूण फरक १९० मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो, पुण्याला सुमारे १४०, कारण पुण्याची धावपट्टीच ५९० मीटरवर आहे. सर्दीत निवड करता आली तर पुणे बरं.

विमान खाली येऊ लागल्याचं जाणवताच जागे राहा, मिनिटाला दोन-तीनदा गिळा. थेंब वापरायचे तर उतरण्याआधी तासभर.

१३. कानात कोमट तेल घातलं तर दडे सुटतील का?

सुटणार नाहीत. तेल पडद्याच्या बाहेर राहतं आणि अडचण पडद्याच्या आत असते. पडद्याला भोक पडलेलं असेल तर तेच तेल, लसणाचं असो की साधं, मध्यकर्णात जाऊन जंतुसंसर्ग घडवतं. काडी, पिन, कान कोरणाऱ्याची सळई यांनाही तेच लागू. बाहेरून शेक घेतला किंवा साध्या पाण्याची वाफ घेतली तर नाक मोकळं व्हायला थोडी मदत होते.

१४. खाली येऊन दोन दिवस झाले, कान अजून बंदच आहे.

दोन्ही बाजूंचा दाब बराच वेळ असमान राहिला की मध्यकर्णाच्या अस्तरातून पाणी झिरपून तिथे साठतं. डोकं हलवलं की आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं. हे पाणी बहुधा काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत शोषलं जातं. दुखणं नसेल तर चार-पाच दिवस आवंढे, वाफ आणि टॉयन्बीवर वाट पाहायला हरकत नाही.

घरच्या घरी एक परीक्षा करता येते. तोंड मिटून हळू ‘म्म्म’ असं गुणगुणा. आवाज बंद कानात मोठा येत असेल तर अडथळा बहुधा मध्यकर्णातला किंवा मळाचा आहे. चांगल्या कानातच मोठा येत असेल आणि बंद कानाने ऐकू येत नसेल, तर आतल्या कानाला किंवा नसेला इजा झाल्याची शंका घ्या आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. या प्रकारात पहिले काही दिवस मोलाचे असतात, उशीर झाला तर गेलेलं ऐकणं परत येण्याची शक्यता घटते.

कानातून रक्त किंवा पाणी येणं, गरगरणं, सतत शिट्टीसारखा आवाज, ताप किंवा एका दिवसापेक्षा जास्त ठणका, यांपैकी काहीही असेल तरी थांबू नका. तज्ज्ञ दुर्बिणीने पडदा पाहतात आणि टिम्पॅनोमेट्री नावाच्या काही मिनिटांच्या, न दुखणाऱ्या तपासणीत मध्यकर्णातला दाब मोजतात. आलेख सपाट आला तर सहसा आत पाणी आहे, टोक एका बाजूला सरकलं तर आतला दाब कमी आहे.

१५. माझ्या पडद्याला आधीच भोक आहे. मला घाट चालेल का?

घाट चालेल. भोकातूनच हवा ये-जा करते, त्यामुळे त्या कानाला दडे बसतच नाहीत. कानात ग्रॉमेट, म्हणजे पडद्यात बसवलेली बारीक नळी, असलेल्या मुलांचंही तसंच. घाटात एका कानाला कधीच काही जाणवत नाही, पण अंघोळीनंतर तोच कान वाहतो, असं असेल तर पडदा तपासून घ्या.

विहीर आणि नदी मात्र पूर्ण वर्ज्य. दाबाने नुकतं पडलेलं लहान भोक बहुधा सहा-आठ आठवड्यांत आपोआप भरतं, अट एकच, कान कोरडा राहिला पाहिजे. अंघोळीच्या वेळी कापसाचा बोळा व्हॅसलिनमध्ये चांगला माखून कानाच्या तोंडाशी बसवा, आत खुपसू नका. बाहेर आल्यावर काढून टाका आणि पुढच्या वेळी नवा घ्या. कोरडा कापूस पाणी शोषून आत नेतो, तो वापरू नका.